दृष्टीसाठी कवटी उघडणारा शल्यविशारद

थायरॉईड ग्रंथी काढूनही काही रुग्णांचे डोळे खोबणीबाहेर येतच राहत, पापण्या मिटेनाशा होत आणि अखेर दृष्टी जाई. या कोड्याचा छडा हॉवर्ड नॅफ्झिगर यांनी लावला. १८८४ साली कॅलिफोर्नियातील नेवाडा सिटी येथे जन्मलेल्या नॅफ्झिगर यांनी हार्वी कुशिंग यांच्या हाताखाली मेंदूवरील शस्त्रक्रियेचे धडे गिरवले आणि पुढे सॅन फ्रान्सिस्कोत नाव मिळविले. दोष नेत्रगोलात नसून तो फिरविणाऱ्या स्नायूंच्या सुजेत आहे, असे त्यांना आढळले. हाडांच्या खोबणीत सुजेला जागाच नसते; त्यामुळे डोळा पुढे ढकलला जातो आणि दृष्टीचा मज्जातंतू दबतो. म्हणून त्यांनी कवटी उघडून, मेंदू अलगद उचलून खोबणीचे छतच काढले. १९३१ साली त्यांनी हे अनुभव प्रसिद्ध केले. जोखीम मोठी होती. पण दुसऱ्या बाजूला अंधत्व उभे होते. १९६१ साली ते निवर्तले. आज शल्यविशारद बहुधा नाकातून किंवा पापणीजवळून खोबणीच्या भिंती काढतात, कवटी क्वचितच उघडावी लागते. सुजेला जागा करून देण्याचे तत्त्व मात्र तेच आहे.