सोयाबीनचं ‘एमएसीएस’ आणि सह्याद्रीच्या डोहातला जेलीफिश: कोण होते शंकर आघारकर?

हिंगोली जिल्ह्यातलं पुसेगाव घ्या किंवा मराठवाडा-विदर्भातलं कुठलंही सोयाबीनचं गाव, ‘एमएसीएस ११८८’ हे वाणाचं नाव शेतकऱ्यांच्या ओळखीचं आहे. पण यातलं एमएसीएस म्हणजे काय?

तर ते आहे ‘महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’. पुण्यातल्या या संस्थेचे संस्थापक संचालक होते शंकर पुरुषोत्तम आघारकर. ते वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून ओळखले जातात, पण त्यांचं नाव पहिल्यांदा जगभर गेलं ते एका जेलीफिशमुळे.

मालवण ते मुंबई

आघारकरांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ चा, मालवणचा. शिकायला ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात आले आणि पुढे तिथंच जीवशास्त्र शिकवू लागले. सुट्टी मिळाली की सह्याद्रीत जायचं, झाडं आणि जीव गोळा करायचे, नोंदी करायच्या, हा त्यांचा शिरस्ता होता.

अशाच भटकंतीत, सत्ताविशीच्या आसपास, साताऱ्याकडच्या ओढ्या-नद्यांच्या डोहात त्यांना नाण्याएवढे पारदर्शक जीव तरंगताना दिसले. ते जेलीफिश होते.

जेलीफिश म्हणजे समुद्राचा रहिवासी. घाटावरच्या गोड्या पाण्यात तो कसा? नमुने कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये गेले. तिथले प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अनंडेल यांनी या जीवाचं नाव ठेवलं ‘लिम्नोक्निडा इंडिका’. तोवर लिम्नोक्निडा वंशातले जेलीफिश फक्त आफ्रिकेत माहीत होते. १९१२ मध्ये हा शोध ‘नेचर’मधून जगापुढे आला.

आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरात असा जेलीफिश सापडला, तेव्हा ते सरोवर कधीकाळी समुद्राला जोडलेलं असावं, असा काही अभ्यासकांचा तर्क होता. पण सह्याद्रीतल्या खळाळत्या ओढ्यांना तो तर्क लावणं अवघड होतं.

आघारकर नुसत्या शोधावर थांबले नाहीत. हा जीव कुठं आढळतो, कसा वागतो यावर त्यांनी पुढे लिहिलं. हा जेलीफिश दिसायचा तो पावसाळ्याआधीच्या कोरड्या महिन्यांत, प्रवाह मंदावून मागे डोह उरले की. म्हणजे पाणी किती आहे यासोबतच ते कधी आणि कसं वाहतं, यावरही त्याचं जगणं अवलंबून होतं.

पाणी घटलं की नेमकं काय होतं?

झरा किंवा ओढा आटत गेला की उरलेलं पाणी साचतं आणि तापतं. तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. पाण्याची वाफ होते, पण क्षार खालीच राहतात. त्यामुळे थोड्या पाण्यात जास्त मीठ, असं गणित होतं.

याचा पहिला फटका बसतो पाठीचा कणा नसलेल्या छोट्या जीवांना. म्हणजे गोगलगाई, शिंपले, झिंगे, पाण्यात वाढणाऱ्या किड्यांची पिल्लं.

गोड्या पाण्यातल्या जीवाच्या अंगात बाहेरच्या पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. त्यामुळे पाणी सतत आत शिरतं. ते बाहेर टाकायचं आणि क्षार धरून ठेवायचे, अशी त्याच्या शरीराची घडण असते. बाहेरचं पाणीच खारट झालं की हा सगळा हिशोब बिघडतो.

मेफ्लायसारख्या नाजूक किड्यांची पिल्लं आधी नाहीशी होतात. काही माश्यांच्या अळ्या मात्र खारट पाण्यातही तग धरतात. म्हणजे वरून पाणी तसंच दिसतं, पण आतली वस्ती बदललेली असते. या किड्यांवर जगणारे मासे आणि बेडूकही मग अडचणीत येतात.

बर्लिनमध्ये पुन्हा मिठाशी गाठ

१९१४ मध्ये आघारकर वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासासाठी जर्मनीला गेले. तेवढ्यात पहिलं महायुद्ध पेटलं. ब्रिटिश प्रजाजन म्हणून त्यांना तिथं स्थानबद्ध राहावं लागलं. तरी सुटकेनंतर बर्लिनमध्ये अॅडॉल्फ एंग्लर यांच्याकडे त्यांनी डॉक्टरेट पूर्ण केली. विषय होता वायव्य भारतातल्या कोरड्या आणि खारट जमिनीवर वाढणाऱ्या वनस्पती, त्या कुठून आल्या आणि कशा पसरल्या.

जेलीफिश असो की खारट जमिनीतलं झुडूप, आघारकरांचा प्रश्न एका जातीचा होता: हा जीव इथंच का जगतो?

परतल्यावर कलकत्ता विद्यापीठात त्यांनी १९४६ पर्यंत वनस्पतिशास्त्र शिकवलं. त्याच वर्षी पुण्यात एमएसीएसची सुरुवात झाली. २ सप्टेंबर १९६० ला निधन होईपर्यंत ते तिचे संचालक होते. १९९२ मध्ये संस्थेला त्यांचं नाव मिळालं: आघारकर संशोधन संस्था.

मग लोणार गुलाबी झालं

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. फोटो सगळीकडे व्हायरल झाले. कारण शोधायला पाण्याचे नमुने ज्या संस्थांकडे गेले, त्यातली एक होती आघारकर संशोधन संस्था.

लोणारच्या विवरात धारेसारख्या झऱ्यांचं गोडं पाणी उतरतं, पण सरोवरातून बाहेर जायला वाट नाही. पाण्याची वाफ होत राहते आणि क्षार साठत जातात. त्या उन्हाळ्यात पातळी खाली गेली होती, खारटपणा वाढला होता. अशा पाण्यात खारटपणा मानवणारे ‘हॅलोआर्किया’ नावाचे सूक्ष्मजीव वाढले आणि त्यांच्या रंगानं पाणी गुलाबी झालं, असं संस्थेच्या तपासणीत दिसलं.

लोणारला बदल रंगातून दिसला. गावातल्या झऱ्यात किंवा ओढ्यात तो असा दिसत नाही. तिथं आधी काय जगत होतं याची नोंद असेल, तरच काय गेलं ते कळतं. साताऱ्याच्या डोहातल्या जेलीफिशची अशी नोंद शंभरहून जास्त वर्षांपूर्वी झाली, कारण सुट्टीत फिरणाऱ्या एका शिक्षकानं आटत्या पाण्यात निरखून पाहिलं होतं. आपल्याकडच्या बहुतेक ओढ्यांच्या वाट्याला तेवढंही आलेलं नाही.