विश्लेषण : सैन्यासाठी जहाजे मिळाली, गव्हासाठी नाही... लॉर्ड वेव्हेल यांची ‘तारे’वरची कसरत

पनवेलच्या खाडीतून निघालेला तांदूळ पूर्वी होड्यांनी ज्या मुंबई बंदरात जात असे, त्याच बंदरात २७ डिसेंबर १९४१ रोजी मोठी अमेरिकी जहाजे लागली. त्यातून उतरले मात्र ब्रिटिश सैनिक. त्यांच्या बऱ्याच पलटणी घाट चढून अहमदनगरच्या (आजचे अहिल्यानगर) छावणीत गेल्या. पनवेलला तेव्हा रेल्वे नव्हती. गाड्या कल्याण-कर्जतमार्गे घाटाकडे जात. जेमतेम तीन आठवडे सराव झाला आणि हे सैनिक पुन्हा मुंबईला आणून जहाजांवर चढवले गेले. २९ जानेवारी १९४२ रोजी ते सिंगापूरला पोहोचले आणि १५ फेब्रुवारीला जपान्यांचे कैदी झाले.

त्यांना कुठे पाठवायचे, याचा वाद लंडन, वॉशिंग्टन, कॅनबेरा आणि जावा यांच्यात तारांवरून चालला होता. त्या तारांच्या मधोमध एक माणूस बसला होता. आर्चिबाल्ड वेव्हेल. आपल्याकडे ते सिमला परिषदेपुरते, ‘वेव्हेल योजने’पुरते आठवतात. पण त्याआधी आशिया आणि पॅसिफिक वाचवण्याची जबाबदारी त्यांच्या गळ्यात पडली होती. ती कशी पडली आणि तिचा आपल्या ताटातल्या भाताशी काय संबंध होता, हे पाहू.

कोण होते वेव्हेल?

जन्म ५ मे १८८३, इंग्लंडमधील कोलचेस्टर. वडील लष्करात, त्यामुळे बालपणाचा काही काळ भारतात गेला. ‘ब्लॅक वॉच’ पलटणीतून बोअर युद्ध, नंतर वायव्य सरहद्द. मग वर्षभर रशियात राहून रशियन भाषा शिकले. १९१५ मध्ये बेल्जियममधील ईप्रच्या लढाईत त्यांचा डावा डोळा गेला. कवितांचा प्रचंड साठा पाठ असलेला हा सेनापती चारचौघांत मात्र जवळपास मुका असे. बैठकीत समोरचा बोलत राही आणि हे गप्प. भाषणांवर जगणाऱ्या चर्चिल यांचे त्यांच्याशी कधी जमले नाही, याचे निम्मे कारण या गप्प बसण्यात असावे.

दुसऱ्या महायुद्धात मध्यपूर्वेचे सेनापती म्हणून त्यांनी १९४०-४१ च्या हिवाळ्यात उत्तर आफ्रिकेत इटलीच्या फौजेचा धुव्वा उडवला. १ लाख ३० हजारांच्या आसपास कैदी हाती लागले. या मोहिमेत चौथी भारतीय डिव्हिजन आघाडीवर होती. पुढे ग्रीस आणि क्रीट हातचे गेले, रोमेल आला आणि जून १९४१ मध्ये चर्चिल यांची तार आली. ऑकिनलेक यांनी कैरोला जावे, वेव्हेल यांनी त्यांच्या जागी भारतात. ही तार वाचून दाखवली गेली तेव्हा वेव्हेल दाढी करत होते. पंतप्रधानांचे बरोबर आहे, इथे नवा माणूस हवा, एवढेच म्हणून त्यांनी वस्तरा पुन्हा गालाला लावला.

भारतात त्यांना थोडी विश्रांती मिळेल, असा चर्चिल यांचा हिशेब होता. सहाच महिन्यांत जपानने पर्ल हार्बरवर बॉम्ब टाकले आणि मलायात सैन्य उतरवले.

नगरच्या छावणीतली डिव्हिजन कोणाची?

ही १८ वी ब्रिटिश डिव्हिजन. तिची गोष्ट सुरू होते सप्टेंबर १९४१ मध्ये. अमेरिका अजून युद्धात उतरली नव्हती, तरी चर्चिल यांनी रूझवेल्ट यांच्याकडे सैन्यवाहू जहाजे मागितली आणि रूझवेल्ट यांनी ती दिली. डिव्हिजन निघाली होती मध्यपूर्वेकडे. ती आफ्रिकेला वळसा घालत असताना जपान युद्धात उतरला. १२ डिसेंबरला चर्चिल यांनी वेव्हेल यांना तार केली : आता पूर्वेकडे पाहा, ब्रह्मदेश तुमच्याकडे, आणि १८ वी डिव्हिजनही तुम्हालाच. म्हणून जहाजे मुंबईकडे वळली. एक ब्रिगेड वाटेतूनच थेट सिंगापूरला गेली.

दरम्यान वॉशिंग्टनमध्ये चर्चिल आणि रूझवेल्ट यांची बैठक सुरू होती. अमेरिकी लष्करप्रमुख मार्शल यांचा आग्रह होता, की संपूर्ण आघाडीला एकच सेनापती हवा. त्यातून ‘एबीडीए’ ही संयुक्त कमान निघाली. अमेरिका, ब्रिटन, डच आणि ऑस्ट्रेलिया या चौघांची. ब्रह्मदेशापासून फिलिपिन्स आणि उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंतचा टापू तिच्याखाली. सेनापती म्हणून अमेरिकेनेच वेव्हेल यांचे नाव सुचवले. ब्रिटिश सेनाप्रमुखांना ते रुचले नाही. आता होणाऱ्या पराभवाचे खापर ब्रिटिश माणसावर फुटणार, हे त्यांना दिसत होते. वेव्हेल यांनी मात्र नकार दिला नाही. १५ जानेवारी १९४२ रोजी त्यांनी जावातील लेम्बांग येथून काम सुरू केले. हाताशी विमाने कमी, जहाजे कमी, आणि चार सरकारांच्या चार तऱ्हा.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात चर्चिल यांना प्रश्न पडला. सिंगापूर टिकणार नसेल तर हे सैन्य रंगूनला का नेऊ नये? रंगून म्हणजे ब्रह्मदेशाचे दार आणि चीनला रसद पोहोचवण्याच्या मार्गाचे तोंड. हा विचार लंडनमधल्या ऑस्ट्रेलियाच्या प्रतिनिधीच्या हाती चुकून पडला. त्याने तो मायदेशी कळवला. पंतप्रधान जॉन कर्टिन यांची तिखट तार आली. सिंगापूर सोडून देणे हा ऑस्ट्रेलियाचा अक्षम्य विश्वासघात ठरेल, असा तिचा आशय होता. ऑस्ट्रेलियाचे सैनिक मलायात लढत होते, तेव्हा त्यांचा राग समजण्यासारखा होता. लंडनमध्ये कोणाला स्पष्ट निर्णय घ्यायचा नव्हता. आणि कर्टिन यांची तार लिहिली गेली त्याच २३ जानेवारीला नगरहून आलेल्या पलटणी घेऊन जहाजांनी मुंबई सोडली.

वेव्हेल यांचे काही चुकले का?

चुकलेच. मलायात प्रतिहल्ला करता येईल, असे ते शेवटपर्यंत धरून चालले होते. जपानी सैन्याला त्यांनी कमी लेखले. ही डिव्हिजन उतरली तेव्हा मलायातली फौज माघार घेऊन बेटावर यायला दोनच दिवस उरले होते. त्या घडीला ताजे सैन्य बेटावर उतरवणे म्हणजे बुडत्या होडीत माणसे चढवणे. पण वळवण्याचा राजकीय निर्णय त्यांच्या एकट्याच्या हातात नव्हता, हेही खरे.

१० फेब्रुवारीला चर्चिल यांची तार आली : शेवटपर्यंत लढा, सेनापतींनी सैनिकांसोबत मरावे. वेव्हेल यांनी त्या दिवशी सिंगापूरला जाऊन हाच आदेश दिला. परतताना अंधारात धक्क्यावरून पडून त्यांच्या पाठीला जबर मार लागला. पाच दिवसांनी सिंगापूर पडले. बेटावर सुमारे ८० हजार सैनिक कैद झाले, त्यात निम्म्याच्या आसपास भारतीय. त्यांच्यातल्याच अनेकांमधून पुढे आझाद हिंद फौज उभी राहिली. नगरला सराव केलेले कित्येक ब्रिटिश सैनिक सयाम-ब्रह्मदेश रेल्वेच्या कामावर मेले. डिव्हिजनचे प्रमुख बेकविथ-स्मिथही त्याच वर्षी कैदेत वारले.

मग रंगूनचे काय? फेब्रुवारीत मध्यपूर्वेतून ऑस्ट्रेलियाची सातवी डिव्हिजन मायदेशी निघाली होती. चर्चिल यांनी कर्टिन यांची संमती येण्याआधीच तिची जहाजे रंगूनकडे वळवली. रूझवेल्ट यांनीही कर्टिन यांना गळ घातली. कर्टिन बधले नाहीत आणि जहाजे परत फिरवावी लागली. २५ फेब्रुवारीला एबीडीए कमान गुंडाळली गेली, वेव्हेल भारतात सरसेनापती म्हणून परतले. ८ मार्चला जपानी रंगूनमध्ये शिरले.

ब्रह्मदेशाचा तांदूळ थांबला, तेव्हा...

हा भाग आपल्याकडे कमी सांगितला जातो. पनवेल-पेण पट्टा भाताचा असला तरी मुंबईसारखे शहर बाहेरच्या धान्यावर जगत होते आणि रंगूनचा तांदूळ त्यात मोठा होता. तो बंद झाला. १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग आले. बंगालची दशा त्याहून भीषण. ब्रह्मदेशाचा तांदूळ नाही, १९४२ चे वादळ, महागाई, साठेबाजी, आणि जपानी आले तर त्यांच्या हाती पडू नयेत म्हणून सरकारने काढून घेतलेल्या होड्या. सरकारच्या चौकशी आयोगाने १५ लाख मृत्यू मानले. नंतरच्या अनेक अभ्यासकांचा अंदाज ३० लाखांच्या आसपास जातो.

होड्या काढून घेतल्या गेल्या तेव्हा भारताचे सरसेनापती वेव्हेलच होते. ‘चले जाव’ दडपायला १९४२ मध्ये ५७ पलटणी वापरल्या गेल्या, तेव्हाही तेच. त्यांना नुसते सद्गृहस्थ ठरवणाऱ्यांनी हे दोन मुद्दे विसरू नयेत.

पण २० ऑक्टोबर १९४३ रोजी व्हाइसरॉय झाल्यावर हा माणूस वेगळा वागला. आधीचे लिनलिथगो दुष्काळात एकदाही बंगालला गेले नव्हते. वेव्हेल आठवड्याच्या आत कलकत्त्यात पोहोचले, रस्त्यावरची माणसे स्वतः पाहिली आणि धान्यवाटपाच्या कामाला लष्कर जुंपले. मग लंडनला तारा सुरू झाल्या. १० लाख टन धान्य हवे. उत्तर : जहाजे नाहीत. पुन्हा तार, पुन्हा तेच. मिळाले ते तुकड्यातुकड्याने, मागणीपेक्षा कमी.

त्यातच १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला. शेकडो माणसे गेली आणि हजारो टन धान्य जळाले. २९ एप्रिलला अखेर चर्चिल यांनी रूझवेल्ट यांना लिहिले : ऑस्ट्रेलियाचा गहू भारतात आणायला जहाजे द्या. १ जूनला उत्तर आले, नाही. अमेरिकेच्या सेनाप्रमुखांना जहाजे मोकळी करता येत नव्हती. पाच दिवसांनी नॉर्मंडीचे आक्रमण झाले. १९४१ मध्ये सैन्यासाठी याच दोघांच्या पत्रव्यवहारातून जहाजे निघाली होती.

गांधीजींविषयी चर्चिल यांनी काय विचारले?

आजारी गांधीजींना ६ मे १९४४ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमधून सोडण्यात आले. वेव्हेल यांना सुटकेने फार काही बिघडेल असे वाटत नव्हते. दोनच महिन्यांनी चर्चिल यांची तार आली. गांधी अजून मेले कसे नाहीत, अशी तिच्यात विचारणा होती. धान्याच्या तारांना उत्तर द्यायला लंडनला सवड मिळत नव्हती, यासाठी मिळाली. वेव्हेल यांनी ती आपल्या रोजनिशीत टिपून ठेवली.

पुढची सिमला परिषद, त्रिमंत्री योजना आणि हंगामी सरकार वाचकांना ठाऊक आहेच. फेब्रुवारी १९४७ मध्ये ॲटली यांनी त्यांना बाजूला करून माउंटबॅटन यांचे नाव जाहीर केले. आणखी एक वरून आलेला निरोप. २४ मे १९५० रोजी लंडनमध्ये वेव्हेल यांचे निधन झाले आणि ज्या विंचेस्टर शाळेत शिकले तिच्याच आवारात त्यांना पुरले. रोजनिशी छापली गेली ती १९७३ मध्ये. त्या तारा आल्यावर हा गप्प माणूस मनातल्या मनात काय म्हणत होता, ते तेव्हा कळले.