क्रिकेटवीर पालवणकर बाळू



तुमची मुले गल्लीत फळकुटाची बॅट करून क्रिकेट खेळत असतील. खेळाडूंची नावे त्यांना तोंडपाठ असतात. माझ्या वर्गातही तेच. पण या देशाचा पहिला मोठा गोलंदाज कोण, असे विचारले की सारा वर्ग गप्प! त्यांचे नाव पालवणकर बाळू. चांभाराच्या घरात जन्मलेला माणूस.

वडील पलटणीत, म्हणून कुटुंब पुण्यात. तिथे पारशांच्या क्रिकेट क्लबात बाळू मैदान झाडीत, रूळ ओढीत. पगार महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात लागले. जाळी बांधायची, रेघा आखायच्या आणि साहेब लोकांना सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी करायची. कॅप्टन ग्रेग यांना बाद केले की आठ आणे बक्षीस मिळे, असे सांगतात. बॅट मात्र त्यांच्या हाती कुणी दिली नाही. बॅट साहेबाची, घाम आपला!

गोऱ्यांना हरवायचे म्हणून पुण्याच्या हिंदू क्लबाला हा डावखुरा फिरकी गोलंदाज हवा झाला. आता नीट ऐका. मैदानात बाळूंनी हाताळलेला चेंडू सर्वांना चाले. पण चहाच्या सुट्टीत मंडळी आत कपबशीतून चहा पीत, आणि बाळूंना बाहेर मातीच्या बोळक्यात. जेवायलाही वेगळे बसवीत. बळी मिळत गेले तसा विटाळ थोडा सैल झाला. १९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात बाळू आणि त्यांचे भाऊ शिवराम दोघेही होते.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांचा संघ इंग्लंडला गेला. संघ सपाटून हरला, पण एकट्या बाळूंनी ११४ बळी घेतले. परत आल्यावर अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. तरुण बाबासाहेबांनाही त्यांचा मोठा अभिमान होता. त्यांच्या गौरवासाठी पुढे ते स्वतः झटले.

तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना कधी मिळाले नाही. १९२० मध्ये तर त्यांना संघातूनच वगळले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम हे दोन्ही भाऊ निषेध म्हणून बाहेर पडले. मग बाळूंना उपकर्णधार करून परत बोलवावे लागले. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि त्यांच्या संघाने चौरंगी सामने जिंकले.

पुढचा भाग सांगताना जड जाते, पण लपवणार नाही. बाळू संयुक्त मतदारसंघाच्या बाजूने गेले. १९३५ ची धर्मांतराची घोषणा त्यांना पटली नाही. १९३७ साली मुंबईत काँग्रेसने त्यांना बाबासाहेबांच्या विरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. आपल्यातील काही वडीलधारी या कारणाने बाळूंचे नाव काढू देत नाहीत. मला ते पटत नाही. त्यांचा मार्ग चुकला असे मी मानतो. पण बोळक्यातला तो चहा त्यांनी प्यायला होता, हे विसरून त्यांचा न्याय करू नये. मुलांना दोन्ही गोष्टी सांगा.

बाळू ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत वारले. नागपूरची दीक्षा त्यानंतर सव्वा वर्षाने झाली.