सर सी. व्ही. रमण : गोळीच्या आत डोकावणारा प्रकाश



28 फेब्रुवारीला आपण जळगाव-धुळ्याच्या शाळांमधून राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतो. प्रतिमापूजन, दोन भाषणे, झाला कार्यक्रम! पण एखाद्या मुलाने विचारले, की रमण यांच्या शोधाचा आपल्याला काय उपयोग, तर? त्याला तापाची गोळी दाखवा आणि ही गोष्ट सांगा.

चंद्रशेखर वेंकट रमण यांचा जन्म 7 नोव्हेंबर 1888 रोजी तिरुचिरापल्ली येथे झाला. वडील शिक्षक होते. 1907 मध्ये रमण कोलकात्याला सरकारी अर्थखात्यात अधिकारी झाले. दिवसा हिशेब आणि सकाळ-संध्याकाळ प्रयोग, असा त्यांचा दिनक्रम. बदली होऊन ते काही काळ आपल्या नागपूरलाही होते. 1917 मध्ये मोठ्या पगाराची नोकरी सोडून त्यांनी कमी पगारावर प्राध्यापकी पत्करली.

1921 मध्ये बोटीने इंग्लंडहून परतताना भूमध्य समुद्राच्या निळाईने त्यांना विचारात पाडले. हा रंग फक्त आकाशाच्या प्रतिबिंबाचा आहे का? त्या प्रश्नाचा पाठपुरावा करता करता 28 फेब्रुवारी 1928 रोजी के. एस. कृष्णन यांच्यासोबत केलेल्या कामातून 'रमण परिणाम' सापडला. 1930 मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

शोध काय होता? रेणूतले अणू स्प्रिंगने जोडल्यासारखे सतत थरथरत असतात. त्यांच्यावर प्रकाश पडला, की विखुरलेला बहुतेक प्रकाश होता त्याच रंगाचा राहतो; अगदी थोड्याचा रंग बदलतो. हा बदल मोजला, की थरथर कशी आहे ते कळते.

आता गोळीकडे या. औषध तेच असले तरी त्याचे रेणू वेगवेगळ्या रचनेत बसू शकतात. वर्गातली तीच मुले रांगेत बसवा नाहीतर गोलात, तसेच. पॅरासिटामॉलचेही असे एकाहून जास्त स्फटिकप्रकार आहेत. शेजारी बदलला, की थरथरही थोडी बदलते, म्हणून प्रत्येक प्रकाराच्या रेषा वेगळ्या दिसतात. आधी ठराविक प्रमाणात मिश्रणे करून त्यांच्या रेषा मोजायच्या, मग गोळीतल्या रेषांची उंची त्यांच्याशी ताडून पाहायची. कोणता प्रकार किती आहे ते समजते, आणि गोळी विरघळवावी लागत नाही.

एवढा खटाटोप कशाला? 1998 मध्ये रिटोनाविर या एचआयव्हीवरच्या औषधाचा कमी विरघळणारा नवा स्फटिकप्रकार अचानक तयार होऊ लागला. रेणू तोच, पण कॅप्सूल बाजारातून मागे घ्यावी लागली. रुग्णांचे काय झाले असेल, विचार करा!

एक गोष्ट मात्र मुलांपासून लपवू नका. 1933 मध्ये रमण बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक असताना कमला भागवत (पुढे सोहोनी) या मराठी मुलीला त्यांनी केवळ मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. ती हटली नाही. शेवटी अटी घालून प्रवेश मिळाला, आणि तिचे काम पाहून रमण यांनी मुलींसाठी दार उघडले. वस्तूच्या आतले दाखवणारा प्रकाश ज्यांनी शोधला, तेही माणसाला वरवर पाहून चुकले. चूक सुधारली, हेही तितकेच खरे.

21 नोव्हेंबर 1970 रोजी रमण गेले. आपल्या शिरपूर, जळगाव, धुळ्याकडची कितीतरी मुलेमुली आज फार्मसीला जातात. त्यांच्यातलाच कुणी उद्या हा प्रकाश गोळीवर टाकेल. म्हणून मुलांच्या प्रश्नाला 'गप्प बस' म्हणू नका. आणि कोणता मुलगा किंवा मुलगी हुशार, हे बाहेरून ठरवू नका.