विश्लेषण : व्यापाऱ्याचा मुलगा, बर्फातली वाट आणि संत फ्रान्सिस... इटलीतील गुब्बिओ-असिसी पदयात्रेमागची कहाणी काय?

इटलीच्या उंब्रिया प्रांतातील ‘व्हिया दी फ्रान्चेस्को’ या तीर्थमार्गावर जगभरातून पदयात्री येतात. गुब्बिओकडून येणाऱ्यांचा वाल्फाब्रिका ते असिसी हा टप्पा जेमतेम १३ किलोमीटरचा. चढउतार, झाडी, पिवळ्या-निळ्या खुणा आणि शेवटी डोंगरउतारावर दिसणारी असिसीची बॅसिलिका. पण ज्यांच्या नावाने ही वाट आहे, ते संत फ्रान्सिस १२०६ च्या सुमारास उलट दिशेने, गुब्बिओकडे निघाले होते. घर कायमचे सोडून आणि तेही थंडीत.

घर का सोडले?

फ्रान्सिस यांचा जन्म ११८१ किंवा ११८२ चा. बाप्तिस्म्याचे नाव जोव्हान्नी. फ्रान्सहून परतलेल्या वडिलांनी ते फ्रान्चेस्को केले. वडील पिएत्रो बेर्नार्दोने बडे कापड व्यापारी. मुलगा हौशी, हात सैल आणि डोक्यात सरदारकीची स्वप्ने. १२०२ मध्ये शेजारच्या पेरुजियाशी झालेल्या लढाईत ते पकडले गेले, वर्षभर कैदेत राहिले. परतल्यावर आजारपण आले आणि दुकानातून मन उडाले. मोडकळीस आलेल्या सान दामियानो चर्चच्या डागडुजीसाठी त्यांनी दुकानातले कापड आणि घोडा फोलिन्योच्या बाजारात विकला. वडिलांच्या लेखी ही सरळ चोरी होती, आणि निव्वळ व्यवहार पाहिला तर त्यांचे चुकतही नव्हते. प्रकरण बिशप ग्विदो यांच्यापुढे गेले. तिथे फ्रान्सिस यांनी पैसे परत केलेच, अंगावरचे कपडेही उतरवून दिले. बिशपांनी त्यांना आपल्या झग्यात झाकून घेतले.

वाटेत काय घडले?

फ्रान्सिस यांच्या निधनानंतर दोन-तीन वर्षांतच चेलानोच्या थॉमस यांनी त्यांचे चरित्र लिहिले. त्यानुसार, रानातून फ्रेंच गाणी गात जाणाऱ्या फ्रान्सिस यांना चोरांनी गाठले. लुटण्यासारखे काही नव्हतेच. मग मारहाण करून त्यांना बर्फाने भरलेल्या खड्ड्यात ढकलून दिले. पुढे एका मठाच्या स्वयंपाकघरात त्यांनी काही दिवस हरकाम्या म्हणून काम केले. तिथे धड रस्साही मिळाला नाही, की अंग झाकायला जुने कापड. वस्त्र मिळाले ते गुब्बिओत, जुन्या मित्राकडून. फ्रान्सिस यांची कीर्ती झाल्यावर त्या मठाच्या प्रमुखांनी माफी मागितली, हेही चरित्रात आहे.

गुब्बिओच्या लांडग्याला माणसाळवल्याची गोष्ट अधिक लोकप्रिय असली, तरी ती १४ व्या शतकातील कथासंग्रहातून पसरली.

पुढे काय झाले?

फ्रान्सिस यांनी कुष्ठरोग्यांची सेवा केली, असिसीला परतून सान दामियानो दुरुस्त केले. वडील रस्त्यात दिसले की शाप देत. त्यावर फ्रान्सिस यांनी एका गरीब माणसालाच वडील मानले. शाप कानावर आला की ते त्याचा आशीर्वाद घेत. १२०९ मध्ये पोप तिसरे इनोसंट यांनी त्यांच्या संघाला तोंडी मान्यता दिली. १२१९ मध्ये धर्मयुद्ध सुरू असताना ते इजिप्तचे सुलतान अल-कामिल यांना भेटले.

(जुन्या गोव्यात ज्यांचे पार्थिव आहे ते फ्रान्सिस झेवियर वेगळे, १६ व्या शतकातले. असिसीच्या फ्रान्सिस यांच्या नावाचे चर्चही तिथे शेजारीच आहे, त्यामुळे अनेकांची गल्लत होते.)

३ ऑक्टोबर १२२६ रोजी असिसीजवळ त्यांचे निधन झाले. त्याआधी त्यांनी आपल्याला उघड्या अंगाने जमिनीवर निजवायला सांगितले. नंतर अंगावर आलेले वस्त्रही उसने म्हणूनच स्वीकारले. १२२८ मध्ये त्यांना संतपद मिळाले. २०२६ मध्ये त्यांच्या निधनाला ८०० वर्षे होतात.