ख्रिस्तपुराणकार फादर स्टीफन्स

प्रस्तावना

धर्म, विचार आणि विद्या माणसांबरोबर प्रवास करतात. ज्या प्रदेशात ती पोहोचतात, तेथील भाषा त्यांना आत्मसात करावी लागते. एरवी ती लोकांच्या मनापर्यंत जात नाहीत. फादर थॉमस स्टीफन्स यांचे जन्मस्थान इंग्लंड, कर्मभूमी गोमंतक आणि ग्रंथभाषा मराठी. सोळाव्या-सतराव्या शतकांतील या ग्रंथकाराचे चरित्र तुम्ही प्रस्तुत पाठात वाचणार आहात.

पाठ

ख्रिस्ती धर्माचा उदय इसवी सनाच्या पहिल्या शतकात जेरुसलेमच्या परिसरात झाला. येशू आणि त्याचे शिष्य अरमाइक भाषा बोलत. परंतु भूमध्य समुद्राभोवतालच्या नगरांत ग्रीक भाषा समजत असे. म्हणून संत पौलाने अँटिऑक, इफिसस, करिंथ यांसारख्या व्यापारी नगरांतून हिंडत ग्रीक भाषेत उपदेश केला आणि ग्रीकमध्येच पत्रे लिहिली. रोमन साम्राज्यातील रस्ते व सागरी मार्ग या कामी उपयोगी पडले. आरंभीचे ख्रिस्ती लोक एकमेकांच्या घरी जमून प्रार्थना करीत. त्यांच्या हाती सत्ता नव्हती. उलट अधूनमधून त्यांना राजसत्तेचा छळ सोसावा लागे. इ. स. ३१३ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात या धर्माला मोकळीक मिळाली. दरम्यान सिरियाक, कॉप्टिक, लॅटिन अशा भाषांतही धर्मग्रंथ वाचले जाऊ लागले होते.

भारताशीही या धर्माचा संबंध फार जुना आहे. संत थॉमस हे इ. स. ५२ मध्ये केरळच्या किनाऱ्यावर उतरले, अशी तेथील ख्रिस्ती समाजाची परंपरा सांगते. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ग्रीक लेखकाने कल्लियाना या बंदरात इराणहून नेमलेला बिशप असल्याची नोंद केली आहे. हे कल्लियाना म्हणजे मुंबईजवळचे कल्याण असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. मात्र मराठी भाषेत ख्रिस्तचरित्र सांगणारा थोर ग्रंथ निर्माण होण्यास त्यानंतर हजार वर्षे जावी लागली. त्या ग्रंथाचे कर्ते म्हणजे फादर स्टीफन्स.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ साली इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात झाला. त्यांचे वडील व्यापारी होते. स्टीफन्स तरुण झाले तेव्हा इंग्लंडच्या गादीवर राणी एलिझाबेथ होती आणि राज्यात प्रोटेस्टंट पंथाला राजमान्यता होती. स्टीफन्स कॅथलिक पंथाचे होते. आपल्या पंथाप्रमाणे उघडपणे उपासना करणे कॅथलिकांना अशक्य झाले होते. स्टीफन्स यांच्या एका निकटच्या मित्राला याच कारणामुळे तुरुंगात जावे लागले. अखेर स्टीफन्स यांनी मायदेश सोडला. ते रोमला गेले आणि १५७५ साली जेझुइट संघात दाखल झाले. श्रद्धेवर राजाची सक्ती झाली म्हणजे माणसाची काय अवस्था होते, याचा अनुभव त्यांनी असा तरुणपणीच घेतला होता.

४ एप्रिल १५७९ रोजी ते लिस्बनहून गलबतात बसले. आफ्रिकेला वळसा घालून, सहा महिन्यांहून अधिक काळ समुद्रावर काढून, २४ ऑक्टोबर १५७९ रोजी ते गोव्यास पोहोचले. पुढच्याच महिन्यात त्यांनी वडिलांना सविस्तर पत्र लिहून या प्रवासाची हकीकत कळवली. भारतात येऊन स्थायिक झालेला पहिला ज्ञात इंग्रज म्हणून इतिहासकार त्यांचाच निर्देश करतात.

स्टीफन्स ज्या गोमंतकात उतरले, तो शांत नव्हता. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवे शहर जिंकले होते. पुढे सासष्टी व बारदेश हे महालही त्यांच्या अमलाखाली आले. पहिल्या शतकांत ख्रिस्ती धर्म सत्तेविना पसरला होता. येथे तो सत्तेच्या हातात हात घालून आला. सासष्टीतील देवळे पाडण्यात आली, हिंदूंच्या सणा-समारंभांवर बंदी आली. १५६० पासून धर्मन्यायालयाची, म्हणजे इन्क्विझिशनची, दहशत सुरू झाली. अनेक कुटुंबे आपल्या देवतांच्या मूर्ती घेऊन नदीपलीकडे निघून गेली. जे मागे राहिले, त्यांतील पुष्कळांनी नवा धर्म स्वीकारला.

स्टीफन्स यांचे बहुतेक सारे कार्य या सासष्टी महालातच झाले. १५८३ च्या जुलै महिन्यात कुंकळ्ळी गावी नवे चर्च उभारण्याच्या हेतूने गेलेल्या पाच जेझुइटांना संतप्त गावकऱ्यांनी ठार मारले. त्यांपैकी रुदॉल्फ आक्वाव्हिव्हा हे फत्तेपूर सिक्री येथे अकबर बादशहाच्या दरबारी राहून नुकतेच परतले होते. आपल्या सहकाऱ्यांचे मृतदेह शोधून आणून त्यांचा दफनविधी करण्याचे दुःखद काम स्टीफन्स यांच्या वाट्याला आले. त्यानंतर पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी कुंकळ्ळीच्या प्रमुखांना असोळणे येथे बोलणीसाठी बोलावून विश्वासघाताने ठार केले. बळाने आणलेला धर्म दोन्ही बाजूंना रक्तच दाखवतो, याची साक्ष या घटनेने दिली.

त्याच वर्षी जॉन न्यूबेरी, राल्फ फिच आदी इंग्रज व्यापाऱ्यांना पोर्तुगीजांनी हेर समजून पकडले आणि गोव्याच्या तुरुंगात टाकले. पंथभेद बाजूला ठेवून स्टीफन्स यांनी आपल्या देशबांधवांच्या सुटकेसाठी खटपट केली आणि त्यांना जामिनावर मोकळे करविले.

स्टीफन्स यांनी लोकांत राहून कोकणी व मराठी या भाषांचा कसून अभ्यास केला. गोमंतकात बोलण्याची भाषा कोकणी, तर कथा, कीर्तन आणि पुराण यांची भाषा मराठी होती. १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांसारखी असल्याचे नमूद केले. पुढे १७८६ साली सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या नात्याचा विचार विद्वानांपुढे मांडला. त्याच्या दोनशे वर्षे आधी हे साम्य स्टीफन्स यांच्या ध्यानी आले होते.

नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची एक अडचण स्टीफन्स यांनी जवळून पाहिली. पिढ्यान्‌पिढ्या हे लोक रामायण, महाभारत, भागवत यांतील कथा ऐकत आले होते. धर्म बदलल्यावर या ग्रंथांना बंदी झाली आणि त्यांच्या जागी ऐकण्याजोगे, गाण्याजोगे दुसरे काहीच आले नाही. प्रश्नोत्तरांची कोरडी पुस्तके पाठ करून त्यांची तहान भागत नव्हती. धर्मशिक्षणाच्या वर्गात एका ब्राह्मणाने आम्हांलाही पुराण हवे अशी मागणी केली, असा प्रसंग ग्रंथाच्या आरंभी आला आहे. त्या मागणीतून ख्रिस्तपुराणाचा जन्म झाला.

हा ग्रंथ १६१६ साली रायतूर येथे प्रसिद्ध झाला. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्तजन्मापूर्वीपर्यंतची कथा आहे, तर दुसऱ्या पुराणात येशूचे संपूर्ण चरित्र आहे. अध्यायांना त्यांनी अवस्वर असे नाव दिले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा विस्तार आहे. ज्ञानेश्वरांनी आणि एकनाथांनी ज्या ओवीतून तत्त्वज्ञान व कथा घरोघरी नेल्या, तीच ओवी या परदेशी कवीने निवडली. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटले. श्रोत्यांच्या शंका आणि त्यांवरील गुरूचे समाधान ही पुराणकथनाची रीतही त्यांनी स्वीकारली. ग्रंथारंभी त्यांनी मराठी भाषेची मनःपूर्वक स्तुती केली आहे. फुले, पक्षी, वृक्ष आणि रत्ने यांच्या उपमा देत त्यांनी तिला भाषांमध्ये मानाचे स्थान दिले. मातृभाषा नसलेल्या कवीने केलेले हे मराठीचे गुणगान आजही आवडीने वाचले जाते.

गोव्यात छापखाना १५५६ सालीच आला होता. पण देवनागरीचे खिळे उपलब्ध नव्हते. येथील लिपीत पुस्तके छापता यावीत, अशी इच्छा स्टीफन्स यांनी १६०८ साली आपल्या वरिष्ठांना कळवली होती. ती त्यांच्या हयातीत पूर्ण झाली नाही आणि ख्रिस्तपुराण रोमन लिपीत छापावे लागले. तरीही त्याची लोकप्रियता वाढत गेली. चर्चमध्ये रविवारी व सणांच्या दिवशी त्याचे वाचन होई आणि लोक त्याच्या ओव्या गात. १६४९ व १६५४ साली त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या.

१६१९ साली फादर स्टीफन्स यांचे गोव्यात निधन झाले. चाळीस वर्षांत ते पुन्हा कधीही इंग्लंडला गेले नाहीत. त्यांचे कोकणी प्रश्नोत्तरांचे पुस्तक १६२२ साली आणि कोकणी भाषेचे व्याकरण १६४० साली, म्हणजे दोन्ही त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाली.

१६८४ साली पोर्तुगीज शासनाने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध हुकूम काढला आणि अशा ग्रंथांना वाईट दिवस आले. ख्रिस्तपुराणाच्या छापील प्रती नाहीशा झाल्या. परंतु गोमंतकातून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्याची हस्तलिखिते जपून ठेवली. अशा हस्तलिखितांच्या आधारे १९०७ साली मंगळूर येथे त्याची आवृत्ती निघाली. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी संपादित केलेली देवनागरी आवृत्ती पुण्यास प्रसिद्ध झाली. ज्या लिपीची आस स्टीफन्स यांनी धरली होती, त्या लिपीत त्यांचे पुराण मराठी वाचकांच्या हाती येण्यास तीनशे चाळीस वर्षे लागली.

ज्या राजसत्तेच्या आश्रयाने स्टीफन्स येथे आले, ती १९६१ साली गोव्यातून गेली. तिने दिलेले हुकूम आता इतिहासाच्या पानांत उरले आहेत. लोकांची भाषा शिकून, त्यांच्या कानांना ओळखीच्या ओवीत रचलेले ख्रिस्तपुराण मात्र मराठी साहित्याचे धन होऊन राहिले आहे.

शब्दार्थ

गोमंतक – गोवा. महाल – तालुक्यासारखा प्रदेश. खिळे – छपाईसाठी वापरली जाणारी धातूची अक्षरे. हकीकत – घडलेला वृत्तान्त. आस – तीव्र इच्छा.

स्वाध्याय

१. स्टीफन्स यांना इंग्लंड का सोडावे लागले?
२. आरंभीच्या काळातील ख्रिस्ती धर्माचा प्रसार आणि गोमंतकातील प्रसार यांतील फरक तुमच्या शब्दांत लिहा.
३. ख्रिस्तपुराण लिहिण्याची गरज कशातून निर्माण झाली?
४. दुसऱ्याची भाषा शिकल्यामुळे माणसे जवळ येतात, याचे तुमच्या अनुभवातील एक उदाहरण आठ-दहा ओळींत लिहा.