पाठीवरचं पोर

३ जानेवारी आली की आम्ही बार्शीच्या बायका सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालतो, शेण-दगडांची गोष्ट सांगतो. मला मात्र त्यांची शेवटची वीस वर्षं जास्त आठवतात.

१८७६-७७ च्या दुष्काळात आपला सोलापूर जिल्हाही होरपळला. सावित्रीबाई तेव्हा जुन्नरकडे ओतूरला होत्या. २० एप्रिल १८७७ ला तिथून जोतिरावांना धाडलेल्या पत्रात मेलेली गुरं, ओस गावं, सावकारांची लूट आणि लोकांना जगवायला सत्यशोधकांनी नेमलेल्या समित्या, एवढंच आहे. नवऱ्याला असं पत्र लिहिणारी बाई!

१८९० ला जोतिराव गेले. बाई थांबल्या नाहीत. १८९७ ला, ज्या वर्षी आपली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली, तेव्हा पुण्यात प्लेग होता. सरकारी झडतीच्या धाकानं लोक आजारी माणूस घरात लपवायचे. सावित्रीबाईंनी दत्तक मुलगा डॉ. यशवंत याला हाताशी घेऊन हडपसरजवळ माळावर दवाखाना उघडला. वस्त्यांत जाऊन रोगी स्वतः आणायच्या. वय सहासष्ट!

किल्लारीच्या भूकंपानंतर, १९९३ साली, मीही कपड्यांचं गाठोडं दिलं होतं. तिकडे गेले मात्र नाही. म्हणून पुढचं वाचताना दरवेळी अडखळते.

मुंढव्याच्या गावकुसाबाहेरच्या वस्तीत गायकवाडांचं पोर तापानं फणफणलं होतं. बाईंनी त्याला पाठीवर घेतलं नि दवाखाना गाठला. त्यातच त्यांना लागण झाली. १० मार्चला त्या गेल्या.

यशवंतही पुढे १९०५ मध्ये प्लेगच्याच रोग्यांची सेवा करताना गेला.